स्वतः बांधलेल्या लिनक्सवर सगळं चालतंय, फक्त यंत्र मुकं आहे

ठोकपीट

नमस्कार मंडळी. गेले तीन आठवडे रात्री जागून लिनक्स फ्रॉम स्क्रॅच बांधत होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तयार डिस्ट्रो न घेता पुस्तक समोर ठेवायचं आणि कंपायलरपासून एकेक पॅकेज स्वतः कंपाइल करत अख्खी सिस्टिम उभी करायची. सिसव्ही-इनिटवाली (बूट होताना बाकी सगळं सुरू करून देणारा जुना, साधा प्रोग्राम असलेली; त्याचा नवा स्पर्धक सिस्टमडी) आवृत्ती घेतलीय (सिस्टमडी का नाही यावर कृपया इथे भांडण नको).

बूट झालं, नेटवर्क आलं, ग्राफिक्स आले, ब्राउझर उठला, मी खुर्चीतून उठून नाचायचा बाकी होतो आणि मग एक व्हिडिओ लावला तर आवाजच नाही. लॅपटॉप आहे, इंटेलचा अकराव्या पिढीचा प्रोसेसर. दुसऱ्या पार्टिशनवरच्या जुन्या सिस्टिमवर आवाज छान येतो त्यामुळे हार्डवेअर शाबूत आहे.

आतापर्यंत केलेले उपद्व्याप: अल्सा (लिनक्समधली आवाजाची मूळ यंत्रणा) मधलं अल्सा-लिब, अल्सा-युटिल्स, अल्सा-प्लगइन्स, अल्सा-फर्मवेअर सगळं टाकलं. नाही आलं. मग पल्सऑडिओ (अल्साच्या वर बसणारा आवाजाचा सर्व्हर) टाकला, त्यात 'डमी आउटपुट' एवढंच दिसतंय. मग तो काढून पाइपवायर टाकला, तिथेही तेच. कर्नलमध्ये आवाजाशी संबंधित जे जे दिसलं त्यावर वाय मारलाय (वाय म्हणजे ड्रायव्हर कर्नलमध्येच, एम म्हणजे नंतर चढणारं वेगळं मॉड्यूल), मॉड्यूल हा प्रकार मला आवडत नाही, सगळं कर्नलच्या पोटातच भरलंय.

मोबाइलवरून टाइप करतोय आणि कीबोर्ड मराठीतच अडकलाय, तेव्हा कमांडी देवनागरीत, समजून घ्या.

मिनमिन

म्यूट असेल. अल्सा पहिल्यांदा चालू होतं तेव्हा सगळे चॅनल म्यूटच असतात, यात निम्मं जग फसतं. अल्सामिक्सर उघडा, पट्टीखाली 'एमएम' दिसलं की एम दाबा, तिथे 'ओओ' आलं म्हणजे उघडला. मास्टर, स्पीकर, हेडफोन तिन्ही बघा, एकट्या मास्टरने भागत नाही.

ठोकपीट

@मिनमिन, अल्सामिक्सर उघडतच नाहीये हो. 'कॅनॉट ओपन मिक्सर, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' म्हणतो आणि बंद.

खटाटोप_कशाला

एक प्रामाणिक प्रश्न, राग मानू नका. तयार डिस्ट्रो टाकली तर वीस मिनिटांत आवाज येतो. तीन आठवडे घालवून मुकं यंत्र बनवण्यात काय मजा?

निवांत_भुंगा

+१ खटाटोप, पण मजा असते हो, नाही कळणार तुम्हाला :) बाकी मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय कारण माझ्या डेस्कटॉपवरही आवाजाचं रडगाणं चालू आहे, वेगळं आहे पण, नंतर लिहितो.

अनुस्वार

ठोकपीट, आधी पाइपवायर, पल्स वगैरे सगळं बाजूला ठेवा. तुम्ही वरच्या मजल्यावरून पाया शोधताय. आवाजाचं असं असतं की सगळ्यात खाली कर्नलमधला ड्रायव्हर, त्याने कार्ड उभं केलं की देव (डिव्हाइसेसच्या) फोल्डरमध्ये एसएनडी नावाखाली फायली तयार होतात, त्या फायलींशी अल्सा-लिब बोलते, आणि तिच्याही वर पल्स किंवा पाइपवायर बसतात. 'डमी आउटपुट' म्हणजे वरचा सर्व्हर ठणठणीत आहे, त्याला खाली कार्डच सापडलं नाही म्हणून त्याने खोटं कार्ड उभं केलंय. तो बिचारा खरं सांगतोय आणि तुम्ही त्यालाच काढून दुसरा बसवलात.

तीन गोष्टी टाका इथे:
एक, प्रॉक मधल्या एसाउंड फोल्डरमधली कार्ड्स नावाची फाइल काय म्हणते.
दोन, एलएसपीसीआय ला के पर्याय देऊन ऑडिओवाल्या ओळीखाली 'ड्रायव्हर इन यूज' काय आहे.
तीन, डीमेसेज (कर्नलच्या नोंदी) मधून एसएनडी, एसओएफ (साउंड ओपन फर्मवेअर, इंटेलच्या नव्या लॅपटॉपांचा आवाजाचा ड्रायव्हर) आणि फर्मवेअर (हार्डवेअरच्या आत चढवायचा प्रोग्राम) हे शब्द असलेल्या ओळी.

आणि खटाटोप म्हणतात त्यात कामाची गोष्ट आहे. जुन्या पार्टिशनवर आवाज येतो ना, मग तिथे बूट करून एलएसमॉड (चढलेल्या मॉड्यूल्स) ची यादी फाइलमध्ये काढून ठेवा. तुमच्या मशीनला नक्की कोणकोणते ड्रायव्हर लागतात याचं उत्तर घरातच तयार आहे, अंदाजाने मेन्युकॉन्फिगमध्ये (कर्नलच्या पर्यायांच्या यादीत) वाय मारत बसायची गरज नाही.

ठोकपीट

हे घ्या.

कार्ड्स फाइल: 'नो साउंडकार्ड्स'. एवढंच.

एलएसपीसीआय: ००:१एफ.३ वर ऑडिओ डिव्हाइस, ड्रायव्हर इन यूज पुढे एसओएफ-ऑडिओ-पीसीआय-इंटेल-टीजीएल असं लांबलचक नाव आहे. म्हणजे ड्रायव्हर लागलाय की! म्हणूनच माझा गोंधळ झालाय, ड्रायव्हर आहे तर कार्ड का नाही?

डीमेसेज, मोठं आहे, मला महत्त्वाच्या वाटल्या त्या ओळी:
एसएनडी_एचडीए_इंटेल: डिजिटल माइक सापडले, एसओएफ ड्रायव्हर वापरतोय
एसओएफ-ऑडिओ-पीसीआय-इंटेल-टीजीएल: डायरेक्ट फर्मवेअर लोड फॉर एसओएफ-टीजीएल.आरआय फेल्ड विथ एरर -२
एसओएफ फर्मवेअर फाइल इज मिसिंग

पण फर्मवेअर मी टाकलंय! अल्सा-फर्मवेअर पॅकेज टाकलं, मग वाचत वाचत कळलं की एसओएफचं वेगळं असतं तर तेही आणून लिब-फर्मवेअर-इंटेल-एसओएफ मध्ये कॉपी केलं. फाइल तिथे आहे, एलएस करून दहा वेळा बघितली. नाव तेच, परवानग्या ठीक. तरी मिसिंग म्हणतोय. भूत आहे का यात.

अनुस्वार

भूत नाही, घड्याळ आहे. तुमच्या पहिल्या पोस्टमधलं 'मॉड्यूल आवडत नाही' हे वाक्य परत वाचा.

ड्रायव्हर कर्नलच्या पोटात आहे म्हणजे तो कर्नल उठता उठताच कामाला लागतो. त्या क्षणी तुमचं रूट पार्टिशन अजून माउंटच झालेलं नसतं. ड्रायव्हर फर्मवेअरची फाइल मागतो, त्याच्या दृष्टीने डिस्कच अस्तित्वात नाही, मग उणे दोन. उणे दोन म्हणजे 'अशी फाइल नाही' एवढाच अर्थ. दोन-चार सेकंदांनी डिस्क माउंट होते, फाइल तिथे असते, तुम्ही एलएस करता, दिसते, आणि तुम्ही वेडे होता. तोवर ड्रायव्हर हात झटकून मोकळा झालेला असतो, पुन्हा विचारायला येत नाही.

आणि पहिली ओळ बघा, तीही महत्त्वाची. जुना साधा एचडीए ड्रायव्हर आला होता, त्याने बघितलं की या लॅपटॉपचे माइक डिजिटल आहेत, ते थेट डीएसपीला (आवाजासाठीच्या वेगळ्या प्रोसेसरला) जोडलेले असतात आणि त्याला स्वतःला ते हाताळता येत नाहीत, म्हणून तो सभ्यपणे बाजूला झाला आणि एसओएफला पुढे केलं. एसओएफ फर्मवेअरअभावी पडला. 'तुम्ही आधी, तुम्ही आधी' करता करता कार्ड कुणीच उभं केलं नाही.

उपाय तीन आहेत. सोपा: आवाजाचे सगळे ड्रायव्हर एम करा, वाय नको. मॉड्यूल युडेव्ह (डिव्हाइस ओळखून ड्रायव्हर चढवणारा प्रोग्राम) लोड करतो, तोवर डिस्क हजर असते. दुसरा: फर्मवेअर इनिटरॅमएफएस (डिस्क माउंट होण्याआधी मेमरीत चढणारी छोटी फाइल सिस्टिम) मध्ये भरा. तिसरा: कर्नल कॉन्फिगमध्ये एक्स्ट्रा फर्मवेअर म्हणून पर्याय आहे, तिथे फायलींची नावं दिली की त्या कर्नलच्या इमेजमध्येच शिवल्या जातात. मॉड्यूलशी इतकं वैर असेल तर तिसरा, पण मग फर्मवेअर बदललं की प्रत्येक वेळी कर्नल बांधा.

अल्सा-फर्मवेअर पॅकेज काढलं तरी चालेल, ते वेगळ्याच, बहुतेक जुन्या आणि स्टुडिओवाल्या कार्डांसाठी आहे. नाव फसवं आहे खरं.

कर्नल न बांधता आत्ताच्या आत्ता खात्री करायची असेल तर बूट करताना कर्नलच्या ओळीत एसएनडी_इंटेल_डीएसपीसीएफजी.डीएसपी_ड्रायव्हर=१ द्या. १ म्हणजे जबरदस्तीने जुना एचडीए (३ म्हणजे एसओएफ, ० म्हणजे तुझं तू ठरव). स्पीकर चालायला हवेत, लॅपटॉपचा माइक नाही चालणार.

शून्यएक

'भूत नाही, घड्याळ आहे' _/\_ दंडवत. वायफायच्या फर्मवेअरमुळे मी हेच भोगलंय, तेव्हा चार दिवस गेले होते.

एक भर घालतो. फर्मवेअरच्या फायली दाबलेल्या असतील, म्हणजे एक्सझेड किंवा झेडएसटी, आणि कर्नलमध्ये दाबलेलं फर्मवेअर वाचायचा पर्याय चालू नसेल तरीही हीच उणे दोनची ओळ येते. दुसऱ्या डिस्ट्रोतून फायली उचलून आणल्या की हमखास होतं हे.

जुनाटयंत्री

अवांतर: तुम्ही पोरं नशीबवान आहात. आमच्या वेळी साउंड ब्लास्टर १६ ला पत्ता २२०, आयआरक्यू ५, डीएमए १ असं हाताने सांगावं लागायचं, आणि प्रिंटर किंवा नेटवर्क कार्ड त्याच आयआरक्यूवर बसलेलं असलं की एक चालू केलं की दुसरं झोपायचं. तेव्हा आवाजासाठी ओएसएस (ओपन साउंड सिस्टिम) होतं, हन्नू सावोलाइनेन यांनी १९९२ च्या सुमाराला सुरू केलेलं. अल्सा यारोस्लाव किसेला यांनी १९९८ मध्ये सुरू केलं, तेही मुळात एका ग्रेव्हिस अल्ट्रासाउंड कार्डाचा ड्रायव्हर नीट लिहावा म्हणून. डिसेंबर २००३ मध्ये २.६ कर्नल आलं तेव्हा ओएसएसला बाजूला सारून अल्सा मुख्य झालं. त्या काळात दोन प्रोग्रामांना एकाच वेळी आवाज काढू देणं हाच मोठा चमत्कार वाटायचा.

आता कार्डाच्या आत वेगळा प्रोसेसर, त्याला वेगळं फर्मवेअर, वर टोपोलॉजी नावाची आणखी एक फाइल. एक पीं वाजवायला केवढा हा लवाजमा.

ठोकपीट

वाजलं!!!!

म्हणजे थांबा, क्रमाने सांगतो. डीएसपी_ड्रायव्हर=१ देऊन बूट केलं, कार्ड दिसलं. तरी आवाज नाही. मिनमिन, तुमची आठवण आली, अल्सामिक्सर उघडला (उघडला!), सगळीकडे एमएम, एम दाबत सुटलो, स्पीकर-टेस्ट चालवला आणि फस्स्स करून आवाज आला. आधी वाटलं स्पीकर फाटला. मग कळलं की स्पीकर-टेस्ट काही न सांगता चालवला तर पिंक नॉइझच वाजवतो. तीन आठवड्यांनी ऐकलेलं ते फस्स्स म्हणजे काय सांगू.

पण माइक नाही. माइक हवाच आहे, कामाचे कॉल असतात. म्हणून आज कर्नल परत बांधला, आवाजाचं सगळं एम केलं (हरलो मी, मॉड्यूल जिंकलं), तो बूट पॅरामीटर काढला. आता डीमेसेजमध्ये फर्मवेअर चढल्याचं स्पष्ट दिसतंय, आवृत्तीसुद्धा छापतोय, एरर एकही नाही. आणि कार्ड्स फाइल परत 'नो साउंडकार्ड्स'.

मी जरा बाहेर फिरून येतो.

शून्यएक

मशीन ड्रायव्हर राहिला असणार. मेन्युकॉन्फिगमध्ये साउंड, मग अल्सा फॉर एसओसी, मग इंटेल मशीन ड्रायव्हर्स, तिथे एसकेएल एचडीए डीएसपी जेनेरिक असं एक आहे. ते एम आहे का?

ठोकपीट

नाहीये. ते बघितलं होतं मी. पण एसकेएल म्हणजे स्कायलेक ना, ती सहावी पिढी. माझं टायगर लेक, अकरावी. म्हणून सोडलं.

शून्यएक

हाहाहा, तिथेच तर. नाव स्कायलेकचं असलं तरी पुढच्या पिढ्यांतले एचडीए कोडेकवाले (कोडेक म्हणजे डिजिटल आवाज स्पीकरसाठी बदलून देणारी चिप) लॅपटॉपही त्यावरच चालतात. सुरू झालं तेव्हा जे नाव दिलं तेच राहिलं. एसओएफ ड्रायव्हर आणि फर्मवेअर डीएसपीला जागं करतात, पण या बोर्डावर डीएसपीला कोणता कोडेक कुठे जोडलाय, माइक किती, एचडीएमआय किती, याची मोट बांधून 'हे घ्या कार्ड' म्हणणारा हा मशीन ड्रायव्हर. तो नसला की सगळे पाहुणे आले पण लग्न लावणारा भटजीच नाही अशी गत. आणि एरर कसली येणार, कुणाचं काही चुकलेलंच नसतं.

सोबत रिअलटेक कोडेक आणि एचडीएमआय कोडेक हे दोन्हीही एम आहेत ना बघा.

अनुस्वार

आणि तुम्ही जुन्या पार्टिशनवरची एलएसमॉडची यादी काढली होतीत का? त्यात एसएनडी_एसओसी_एसकेएल_एचडीए_डीएसपी ठळक दिसलं असतं ;)

ठोकपीट

काढली होती. वाचली नव्हती. :(

झालं. कार्ड आलं, नाव एसओएफ-एचडीए-डीएसपी. आवाज आला. ए-रेकॉर्डने माइकही रेकॉर्ड झाला, स्वतःचा खोकला ऐकला.

आता नवीन गंमत, रूट असताना आवाज येतो, माझ्या नेहमीच्या युजरला 'नो साउंडकार्ड्स फाउंड'.

मिनमिन

ऑडिओ ग्रुप. युजरला त्यात टाका आणि पूर्ण लॉगआउट करून परत या, नुसतं नवीन टर्मिनल उघडून ग्रुप लागत नाही. देव-एसएनडी मधल्या फायली रूट आणि ऑडिओ ग्रुपच्या असतात.

निवांत_भुंगा

आता माझं रडगाणं. डेस्कटॉप, वेगळं ग्राफिक्स कार्ड, त्याच पुस्तकावरून बांधलेली सिस्टिम. माझ्याकडे कार्डं दिसतात, म्यूट नाहीत, ग्रुप आहे, एप्ले बिनबोभाट फाइल संपेपर्यंत चालतो, आवाज मात्र शून्य. एरर असती तर बरं वाटलं असतं.

अनुस्वार

एप्लेला छोटा एल पर्याय द्या. कार्ड ० हे एचडीएमआय आहे ना? अल्सा काही सांगितलं नाही तर शून्य नंबरच्या कार्डावर पाठवतं. तुमचा आवाज केबलमधून मॉनिटरला जातोय आणि मॉनिटरला स्पीकर नाहीत. होम फोल्डरमध्ये .एसाउंडआरसी बनवून डिफॉल्ट पीसीएम आणि डिफॉल्ट सीटीएल दोन्हीला खरं कार्ड द्या. नंबर देऊ नका, एखाद्या बूटला अदलाबदल होते, कार्ड्स फाइलमध्ये चौकटी कंसात जे नाव असतं ते द्या.

निवांत_भुंगा

!!!! चार महिने मॉनिटरला गाणी ऐकवत होतो मी. धन्यवाद _/\_

ठोकपीट

ग्रुपचं काम झालं, धन्यवाद मिनमिन. शेवटचं (खरंच शेवटचं). एप्लेने वाजतं, ब्राउझरमध्ये वाजत नाही. पाइपवायर परत टाकू की नको?

जुनाटयंत्री

नको. अल्सा पुरतं. डीमिक्स दोन-चार प्रोग्रामांचे आवाज मिसळून देतं, ते डिफॉल्टच चालू असतं. मी आजही सर्व्हर नावाची गोष्ट ठेवत नाही.

अनुस्वार

जुनाट काका, तुमच्या वापराला पुरतं, त्यांना कॉल करायचेत. फायरफॉक्सच्या तयार बिल्डने २०१७ मध्ये, ५२ व्या आवृत्तीपासून, थेट अल्साचा आधार काढून टाकला, त्याला पल्सऑडिओचाच दरवाजा लागतो. एकतर स्वतः अल्सा चालू करून कंपाइल करा (आणि ते कंपाइल व्हायला किती वेळ लागतो ते तुम्ही जाणताच) किंवा पाइपवायर ठेवा, त्यातला पाइपवायर-पल्स तोच दरवाजा उघडून देतो. ब्लूटूथ हेडफोन लावणार असाल तर प्रश्नच नाही, पाइपवायरच.

फक्त सिसव्हीवर एक मेख आहे. पाइपवायर रूट म्हणून किंवा बूट स्क्रिप्टमधून उठवायचा नाही, तुमच्या युजरच्या सेशनमध्ये उठवायचा. त्याला एक्सडीजी_रनटाइम_डिर हा व्हेरिएबल सेट असलेला लागतो, सिस्टमडीवर तो आपोआप येतो, तुमच्याकडे पॅम (लॉगिन तपासणारी यंत्रणा) आणि ईलॉगइनडी (युजरचं सेशन सांभाळणारा प्रोग्राम) टाकल्याशिवाय येणार नाही. डी-बसचं सेशन, मग पाइपवायर, मग वायरप्लंबर, मग पाइपवायर-पल्स, हा क्रम ठेवा. वायरप्लंबर (पाइपवायरला कार्डं शोधून जोडून देणारा) विसरलात तर पाइपवायर सुरू होईल पण परत कार्ड दिसणार नाही आणि तुम्ही परत फिरायला जाल.

अल्सा-लिबसोबत यूसीएम-कॉन्फ म्हणून वेगळा टारबॉल येतो, तोही उघडा. या एसओएफ कार्डावर डिजिटल माइक आणि हेडफोनचा माइक वेगवेगळे नीट दिसायला तो लागतो.

जुनाटयंत्री

'काका' ची नोंद घेतली आहे.

खटाटोप_कशाला

एवढं सगळं वाचून काढलं आणि कसं कोण जाणे पण काल रात्री पुस्तक डाउनलोड केलंय. काही बोलू नका.

ठोकपीट

@खटाटोप, या या :)

अपडेट. ईलॉगइनडीने अर्धा दिवस खाल्ला (पॅम टाकल्यावर शॅडो (पासवर्ड आणि लॉगिनचं पॅकेज) परत कंपाइल करायचं असतं ते विसरलो आणि स्वतःच्याच मशीनमधून बाहेर पडलो, तो वेगळा धागा होईल). बाकी पाइपवायर पहिल्या फटक्यात उठला. ब्राउझर, कॉल, माइक, हेडफोन घातले की स्पीकर आपोआप बंद, सगळं. रीबूटनंतर व्हॉल्यूम परत शून्यावर जात होता, त्यासाठी पुस्तकातली अल्साची बूट स्क्रिप्ट टाकली, बंद होताना अल्साक्टल लेव्हल साठवतो आणि चालू होताना परत लावतो. हे ही पुस्तकात लिहिलेलंच होतं.

एक राहिलंय. स्पीकर-टेस्टला दोन चॅनल आणि वेव्ह पर्याय देऊन चालवलं, त्यात एक बाई 'फ्रंट लेफ्ट', 'फ्रंट राइट' असं म्हणते. स्पीकरवर बरोबर येतंय, हेडफोनवर मात्र लेफ्ट उजव्या कानात येतंय. कोडेकची पिन उलटी लागलीय का? .एसाउंडआरसी मध्ये चॅनल अदलाबदल करायचं कसं ते कुणी सांगेल का?

मिनमिन

हेडफोनच्या दांडीवर आतल्या बाजूला अक्षर असतं. एकदा बघता का?

ठोकपीट

धागा बंद केला तरी चालेल.